धुण्याआधी थांबा
(मंडळाच्या सभेतील भाषण)



हा विषय आपल्या घरांत दबक्या आवाजात बोलतात, म्हणून आम्ही तो सभेत घेतला.

जुन्या मंडळींना १९७२ चा देसाईगंजचा खटला आठवत असेल. चंद्रपूर जिल्ह्यातली आदिवासी मुलगी, अत्याचाराची जागा पोलीस ठाणे. तिची तपासणी सुमारे वीस तासांनी झाली. शरीरावरच्या नमुन्यांत काही मिळाले नाही. कपड्यांवर वीर्य सापडले, पण ते कोणाचे हे सांगणारी विद्या तेव्हा नव्हती. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडले. तिथे मुख्य वाद संमतीचा होता, आणि तो कोणतीही प्रयोगशाळा सोडवत नाही, हेही खरे.

डीएनएवरून माणूस ओळखण्याची रीत १९८४ नंतर आली. आता शुक्रजंतू बाईच्या पेशींपासून वेगळे काढता येतात. आरोपीची नसबंदी झालेली असली, तरी पुरुषाच्या वाय गुणसूत्रावरून माग लागू शकतो. (बाप-भावांचा वाय सारखाच असतो, तेव्हा तेवढ्यावर कोणाला फासावर चढवू नये.)

पण यंत्रे सागरला नि इंदूरला, आणि पुरावा आपल्या बुऱ्हाणपुरात. तो आधी आपल्याच न्हाणीघरात वाहून जातो. पोरगी रडत आली की आपण काय करतो? पाणी तापवतो, कपडे भिजत घालतो, वर "कुणाला सांगू नका". जे उरते ते ओलेच प्लास्टिकच्या पिशवीत बांधले, की बुरशी धरते आणि डीएनए कुजतो. कपडे सावलीत वाळवून कागदी पाकिटात सीलबंद व्हायला हवेत. हे काम डॉक्टर-पोलिसांचे. आपले काम एवढेच, की काही न धुता तिला तडक रुग्णालयात न्यायचे. पहिले तीन दिवस सर्वांत मोलाचे. मात्र उशीर झाला असला, तरी न्यावेच.

रुग्णालयेही धुतल्या तांदळासारखी नाहीत. या तपासण्या किती ढिसाळ होतात, हे सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकरांनी अहवाल लिहून दाखवले आणि प्रकरण नागपूर खंडपीठापुढे गेले. २०१४ मध्ये केंद्राने सूचना काढल्या, दोन बोटांची चाचणी बाद ठरवली. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्याने डॉक्टरांचा अहवाल सात दिवसांत पोलिसांना द्यायचा आहे. खासगी दवाखान्यालाही पीडितेला परत पाठवता येत नाही, उपचार फुकट. गंभीर गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी यायचे, पण हे लागू करायला राज्यांना पाच वर्षांची सवलत आहे. या सवलतीवर आमचा आक्षेप आहे.

मत मागायला येणाऱ्यांना आता रस्त्या-गटारांबरोबर हेही विचारा: जिल्हा रुग्णालयात नमुने घेण्याचे किट रात्री दोन वाजता मिळते का? नमुने कोणत्या तारखेला प्रयोगशाळेकडे निघाले, याची लेखी पोच घरच्यांना मिळते का? निवेदन दाराशी ठेवले आहे. जाताना सह्या कराव्यात, बायकांनी आधी.