जिनिंगमधली आग आणि धूर



दिवाळी झाली,
की अकोला-अमरावतीच्या जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागते.
रेचे, म्हणजे सरकी काढणारी यंत्रं, रात्रंदिवस चालतात.

कापसासोबत एखादा खडा, एखादा खिळा यंत्रात जातो.
लोखंडावर घासतो.
ठिणगी उडते.
रुईला तेवढीशी ठिणगी पुरते.

कापसाची आग फसवी.
वरून पाणी मारलं, की विझल्यासारखी वाटते.
गाठीच्या आत मात्र ती कित्येक दिवस धुमसू शकते.

आणि धुमसणाऱ्या कापसातून निघतो कार्बन मोनॉक्साइड.
या वायूला रंग नाही.
वासही नाही.
आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं.
मग माणूस कोसळतो.
तोंडावरचा ओला रुमाल हा वायू अडवत नाही.

म्हणून, धूर दिसला की बाहेर पडा.
खाली वाकून, लवकर बाहेर पडा.
माल वाचवायला परत आत जाऊ नका.

बाहेर आणलेल्या माणसाकडे नीट पाहा.
आवाज बसला आहे?
थुंकीत काजळी आहे?
नाकातले केस करपलेत?
मग तो “मी बरा आहे” म्हणाला, तरी दवाखान्यात न्याच.
घशातली सूज काही तासांनीही वाढते.

भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं, वाहतं पाणी सोडा.
टूथपेस्ट नको, शाई नको.

जिनिंगमालकांनो, यंत्राखाली साचलेली रुई दर पाळीला काढून घ्या.
कामगार आत असताना दाराला कुलूप लावू नका.

पुन्हा सांगतो,
धूर दिसला, की आधी बाहेर.
मग अग्निशमनासाठी 101,
आणि रुग्णवाहिकेसाठी 108.