जुनी पोलादी सायकल : जपावी की सुधारावी?



ज्या व्यासपीठावर काल अर्थकारण झाले आणि उद्या संतवाङ्मय व्हायचे आहे, त्याच व्यासपीठावर चालकांनी मध्ये एक संध्याकाळ सायकलीला दिली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. पुण्यात सायकलीवर बोलायचे म्हणजे तसे धाडसच. इथल्या साठीपुढल्या बहुतेकांनी मधल्या नळीखालून पाय घालून सायकल शिकलेली आहे, आणि सायकलीबद्दल प्रत्येकाचे एक ठाम मत आहे.

परंतु आजचा विषय ती अठ्ठावीस इंची, काळी, दुधाचे कॅन वाहणारी आणि डबलसीट सोसणारी सायकल नव्हे. तिची एक सडपातळ चुलतबहीण आहे. साधारण १९३० पासून १९९० पर्यंत इंग्लंड, फ्रान्स आणि इटली येथे पोलादाच्या पातळ नळ्यांची जी सायकल होत असे, शर्यतीची आणि लांबच्या भटकंतीची, तिच्याबद्दल आम्ही बोलणार आहोत. आपल्याकडे ती तुरळकच आली. हल्ली मात्र काही तरुण मंडळी परदेशातून जुन्या फ्रेम मागवतात, नाही तर एखाद्या माळ्यावर पडलेली सायकल उतरवतात, आणि त्यांतली दोन-चार दरवर्षी आमच्या दारी येतात. प्रश्न एकच असतो : हिला घासूनपुसून होती तशी करावी, की आजचे भाग घालून चालवावी? यावर दोन पक्ष आहेत आणि दोन्ही पक्ष फार कडवे आहेत. एका पक्षाला मूळचा नसलेला एक स्क्रूही खपत नाही. दुसरा पक्ष फ्रेम सरळ वाळूच्या फवाऱ्याखाली धरतो आणि पोपटी रंग देऊन आणतो.

निवाडा करण्यापूर्वी वस्तू काय आहे ते पाहू. बर्मिंगहॅमचे रेनॉल्ड्स हे घराणे मूळचे खिळे करणारे. त्यांच्यापैकी आल्फ्रेड रेनॉल्ड्स याने १८९७ साली एक पेटंट घेतले. सायकलीच्या नळीवर खरा ताण येतो तो सांध्यापाशी. मधल्या भागात तितकी जाडी लागतच नाही. म्हणून नळी बाहेरून सारखी, पण आतून टोकांशी जाड आणि मध्ये पातळ, अशी ओढायची युक्ती त्याने काढली. १९३५ साली त्याच कारखान्याने मँगॅनीज आणि मॉलिब्डेनम घातलेले पोलाद वापरून '५३१' या आकड्याची नळी बाजारात आणली. टोकाशी ०.९ मिलीमीटर आणि मध्ये ०.६ मिलीमीटर, म्हणजे पोस्टकार्डाच्या दोन-तीन जाडींएवढी भिंत. अशा नळ्या लग नावाच्या पोलादी खोबणीत बसवून पितळेने किंवा चांदीच्या मिश्रधातूने झाळत असत. मिलानच्या कोलंबसच्या नळ्या इटलीत तेच काम करीत. फ्रेम आणि फोर्क मिळून वजन अडीच-तीन किलो भरे. आज कार्बनची फ्रेम एका किलोच्या आसपास येते, तेव्हा वजनाच्या शर्यतीत पोलाद हरले आहे हे मान्य करून टाकावे. वजनासाठी कोणी जुनी सायकल घेऊ नये.

मग कशासाठी घ्यावी? तर ती उघडता येते म्हणून. तिच्यातला प्रत्येक भाग आट्यांनी, चिमटीने किंवा पाचरीने बसवलेला असतो. हबमध्ये वाट्या आणि कोन. पायडलांच्या आसाला दोन्हीकडे पाव इंची अकरा-अकरा छर्रे. ओव्हरऑइलिंग करणाऱ्या कोणत्याही कारागिराला दोन पान्हे आणि ग्रीसचा डबा दिला की ती पुढची काही वर्षे निर्धास्त चालते.

आणि इथेच 'मूळची' या शब्दाची गंमत आहे. इंग्लंडमधली चांगली हलकी सायकल बहुधा पूर्ण अशी विकली जातच नसे. क्लबात जाणारा कामगार किंवा कारकून एखाद्या छोट्या कारखानदाराकडून आपल्या मापाची फ्रेम करून घेई. चाके, ब्रेक, गिअर हे खिशाला परवडेल तसे एकेक घेई. याच सायकलीवरून तो सोमवारी कामाला जाई आणि रविवारी पहाटे शर्यतीला. शर्यतीची हलकी चाके पुढच्या आसाशी कंसात अडकवून तो न्यायचा, तिथे पोचल्यावर रोजची चाके आणि मडगार्ड काढून ती चढवायचा, आणि शर्यत संपली की पुन्हा उलट. पुढे पगार वाढला की इटालियन गिअर येई. हात आखडले की जुनाच हब आणखी दोन वर्षे चाले. अशा सायकलीची 'मूळची' अवस्था कोणत्या दिवसाची धरायची? १९५४ च्या एप्रिलमधली की १९५९ च्या दिवाळीतली? (त्याच्याकडे दिवाळी नव्हती हे आम्हाला ठाऊक आहे.) भाग बदलणे हा त्या सायकलीचा कुळाचार होता. म्हणून सुधारणेला आमचा विरोध नाही. आमची अट एवढीच की जे पान्ह्याने निघते ते बदलावे, आणि जे करवतीने, कानशीने किंवा भट्टीनेच निघेल त्याला हात लावू नये. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून डब्यात ठेवावा. पुढच्या मालकाला तो परत बसवावासा वाटला तर बसवता आला पाहिजे.

अर्थात काही सायकलींना हे लागू नाही. १९७२ साली मेक्सिको शहरात एडी मेर्क्स याने तासाला ४९.४३१ किलोमीटरचा विक्रम केला, ती कोल्नागोने केलेली पोलादी सायकल ब्रसेल्समध्ये त्याच्याच नावाच्या भुयारी स्थानकात काचेआड ठेवली आहे. ती तशीच असावी. पण माळ्यावरची प्रत्येक सायकल मेर्क्सची नसते.

आता कामाकडे वळू. फ्रेम हाती आली की रंगाकडे पाहण्याआधी वरच्या आणि तिरप्या नळीच्या खालून, हँडलजवळच्या टोकाशी, बोट फिरवावे. तिथे फुगवटा किंवा रंगाला सुरकुती लागली, तर ती फ्रेम समोरून आपटलेली आहे. सीटची दांडी काढून मोजावी : चांगल्या ५३१ च्या फ्रेमला ती बहुधा २७.२ मिलीमीटर बसते, कमी असेल तर नळी जाड किंवा फ्रेंच मापाची. नळीवरच्या छोट्या चिकटचित्राची अक्षरे काळजीपूर्वक वाचावीत. काही फ्रेममध्ये फक्त तीन मुख्य नळ्या ५३१ च्या असतात, काहींत फोर्कासकट सगळ्या, आणि ते त्या चित्रावरच लिहिलेले असते. वाळूच्या फवाऱ्याने पहिल्यांदा जाते ते हेच चित्र, आणि पाठोपाठ लगच्या रेखीव कडा. रंग टवके उडालेला असला तरी राहू द्यावा. गंज ऑक्झॅलिक आम्लाच्या पातळ द्रावणात भिजवून निघतो, पण ते विष आहे. मुलांपासून दूर ठेवावे, हातमोजे घालावेत, आणि नंतर फ्रेम भरपूर पाण्याने धुऊन वाळवावी. नळ्यांच्या आतून सुतारांचे बेलतेल फिरवावे. आपल्या पावसाळ्यात पोलाद बाहेरून दिसते तितके बाहेरून मरत नाही. ते आतून मरते.

दांडी न निघाली तर? अॅल्युमिनियमची दांडी पोलादी नळीत वर्षानुवर्षे घामात आणि पावसात राहिली की तिच्यावर भस्म चढते, ते फुगते, आणि दोघे एकजीव होतात. आधी चार दिवस तेल मुरवून पाहावे. शेवटचा उपाय कॉस्टिक सोडा : तो अॅल्युमिनियम खातो, पोलादाला सोडतो. मात्र त्यातून हायड्रोजन वायू निघतो, आणि थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. हे काम स्वयंपाकघरात करायचे नाही.

पायडलांचा आस ज्या आडव्या नळीत फिरतो तिला दुकानात बी.बी. म्हणतात. तिथले आटे म्हणजे युरोपच्या इतिहासाचा एक धडाच आहे. इंग्लिश आटे १.३७ इंच व्यासाचे, इंचाला २४, आणि उजव्या बाजूचे उलटे. इटालियन ३६ मिलीमीटर, दोन्हीकडचे सुलटे. फ्रेंच ३५ मिलीमीटर, तेही सुलटे. स्विस ३५ मिलीमीटरच, पण उजवीकडे उलटे. नॉटिंगहॅमच्या रॅलेने आपल्या कित्येक सायकलींना इंचाला २६ आटे ठेवले, ते निराळेच. चालताना उजवी वाटी ज्या दिशेने सैल व्हायला पाहते ती दिशा ओळखून इंग्रजांनी उलटे आटे पाडले; इटालियनांनी वाटी दणकून आवळण्यावर भरवसा ठेवला. मौज वाटते, परंतु यात फ्रेमचे प्राण अडकलेले असतात. फ्रेंच नळीत इंग्लिश वाटी जोर लावून फिरवली की आटे चिरडले. मोजल्याशिवाय पान्हा लावायचा नाही.

सर्वांत फायद्याची सुधारणा कोणती, असे विचारले तर आम्ही रिम म्हणतो. पोलादी, क्रोम चढवलेली रिम पावसात ओली झाली की ब्रेक नुसता घसरतो. अॅल्युमिनियमची रिम आणि नवे ब्रेक-रबर घातले की त्याच ब्रेकला जणू दात येतात. जुन्या सत्तावीस इंची रिमचा टायर-बैठकीचा व्यास ६३० मिलीमीटर. आजच्या सातशे मापाचा ६२२. फरक आठाचा, म्हणजे ब्रेकचे रबर चार मिलीमीटर खाली उतरले पाहिजे. बहुतेक जुन्या ब्रेकला तेवढी खाच असते. शिवाय चाक लहान झाल्याने जरा रुंद टायर बसतो, आणि आपल्या रस्त्यांवर ती चैन नसून गरज आहे.

नवे चाक मागे बसेना, असे होते. पाच चकत्यांच्या काळात मागच्या खाचांतले अंतर १२० मिलीमीटर असे, सहा-सातच्या काळात १२६, पुढे १३०. इथे पोलादाचा मोठा गुण कामी येतो : ते न तापवता वाकते आणि वाकलेले राहते. १२६ चे १३० करायला प्रत्येक बाजू दोनच मिलीमीटर सरकवायची. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा शेल्डन ब्राउन हा २००८ साली वारलेला थोर सायकल-कारागीर यासाठी एका दोऱ्याने काम भागवायला सांगे. मागच्या एका खाचेपासून दोरा काढून हँडलखालच्या नळीला वळसा देऊन दुसऱ्या खाचेला आणायचा, आणि सीटखालच्या नळीपासून दोन्हीकडचे अंतर मोजायचे. सारखे भरले म्हणजे फ्रेम सरळ. मग खाचा एकमेकींना समांतर कराव्यात, नाही तर आस मोडतो. अॅल्युमिनियमच्या किंवा कार्बनच्या फ्रेमवर हा प्रयोग करणारा फ्रेम गमावून बसेल.

ज्या बाबतीत मूळच्या भागांचा आग्रह धरणाऱ्यांशी आमचे मुळीच जमत नाही, ती गोष्ट आता सांगतो. ताण ठरावीक मर्यादेत राहिला तर पोलाद लाखो हेलकावे सोसूनही थकत नाही. अॅल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. प्रत्येक हेलकावा त्याच्या खात्यावर मांडला जातो. चाळीस-पन्नास वर्षांचे अॅल्युमिनियमचे हँडल, त्याची मान आणि क्रँक यांच्या खात्यावर किती मांडले आहे हे कोणालाच ठाऊक नसते. क्रँकचा दांडा आणि चेनव्हीलचे पाच हात जिथे मिळतात त्या बेचक्यात, हँडल मानेत शिरते तिथे आणि मानेच्या खालच्या चिरेपाशी भिंग लावून पाहावे. केसासारखी रेघ दिसली तर तो भाग कितीही नामांकित, कितीही चकचकीत असो, भिंतीवर टांगावा. हँडल मोडते ते उभे राहून जोर लावताना किंवा खड्ड्यात आपटल्यावर. त्या वेळी खाली डांबर असते आणि मागे ट्रक.

गिअरबद्दल थोडक्यात. जुन्या शर्यतीच्या सायकलीला पुढे ५२ आणि ४२ दाते, मागे फार तर २४. म्हणजे पायडलाच्या एका फेरीत कमीत कमी पावणेचार मीटर पुढे जायचे. मुंबई–पुणे शर्यतीतला 'घाटाचा राजा' खंडाळ्याला अशा गिअरवर चढेलही. पंचेचाळिशीच्या बँक कारकुनाचे गुडघे नाही चढणार. पुढे ३४ आणि मागे ३० दाते घातले की हेच अंतर सुमारे २.४ मीटरवर येते. पण इटालियन शर्यतीच्या क्रँकवर ४१–४२ हून लहान चेनव्हील बसतच नाही. क्रँकच बदलावी लागते आणि तिच्याबरोबर आसाची लांबीही. बदलावी. जुनी डब्यात.

टस्कनीतल्या गायोले गावी १९९७ साली जियानकार्लो ब्रोची याने 'लेरोइका' नावाची फेरी सुरू केली. तिथे १९८७ पूर्वीच्या घडणीच्या सायकलीच चालतात. गिअरचे खटके तिरप्या नळीवर, ब्रेकच्या तारा उघड्या, पायडलांना पट्टे. पहिल्या वर्षी जेमतेम ९२ माणसे होती, नंतर हजारो येऊ लागली. लोकांना वाटते हा जुन्या सायकलींचा उरूस. वास्तविक त्यांना वाचवायचे होते ते त्या भागातले पांढरे, खडीचे रस्ते, ज्यांच्यावर डांबर पडू लागले होते. रस्ते वाचवायचे तर त्यांवरून कोणी तरी गेले पाहिजे, आणि जाणाऱ्या सायकली चालत्या असल्या पाहिजेत. काचेआडच्या सायकलीला रस्ता लागत नाही.

आपल्या पेठांतून चाकाचा आऊट डोळ्याने आणि अंगठ्याने काढणारे कारागीर अजून आहेत, पण त्यांच्या मुलांनी मोटारसायकली दुरुस्त करायला घेतल्या आहेत. इंग्लिश वाटी काढायचा चपटा पान्हा कित्येक दुकानांतून भंगारात गेला. ज्यांच्याकडे तो असेल त्यांनी तो विकू नये अशी विनंती आहे. वापरायचा नसेल तर आम्ही घेऊ.

मांडवाबाहेर डाव्या हाताला आम्ही दोन फ्रेम उलट्या करून ठेवल्या आहेत, एक इंग्लिश आणि एक इटालियन, बी.बी. उघडी करून. दोराही आणला आहे. ज्यांना आटे पाहायचे असतील त्यांनी चष्मा घेऊन यावे, उजेड अजून अर्धा तास आहे.