कानांतील वाणी आणि वाटेवरील क्रूस



आपल्यापैकीं पुष्कळांचे सोयरे वांद्र्यास आहेत. तेथील जुन्या वस्तींतून मी नुकताच पायीं हिंडलों. सोबतीस कोणी नव्हतें, भ्रमणध्वनींतील एक वाणी कानांत सांगे, "येथें थांबा, उजवीकडे पाहा." परक्या पांथस्थास ही सोय फार उपकारक होय.

त्या वाणीनें १५७५ सालीं उभें राहिलेलें संत आंद्रेयाचें देऊळ दाखविलें. अंगणांतील पाषाणी क्रूसावर प्रभूच्या दुःखसहनाचीं चिन्हें कोरलेलीं आहेत. पुढें रानवर गांवठाणांत बाहेरून लाकडी जिने असलेलीं घरें व वाटेवरील क्रूस लागले. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला, तेव्हां असे कित्येक क्रूस भाविकांनीं रक्षणाच्या याचनेनें उभारले.

एका क्रूसापाशीं एक वृद्ध बाई मेणबत्ती लावीत होत्या. मीं कानांतील यंत्र काढलें. त्या म्हणाल्या, "फादर, माझ्या आजीचीं दोन लेंकरें त्या सांथींत गेलीं. तेव्हांपासून आमच्या घरानें इथला दिवा चुकविला नाहीं." हें त्या यंत्रांत नव्हतें.

बंधूंनो, पडलेल्या घराचें छायाचित्र तरी उरतें. वडीलधाऱ्यांचें बोलणें मात्र त्यांच्याबरोबरच मातीआड होतें. म्हणून माझी विनंती एवढीच कीं, या महोत्सवाच्या वर्षीं प्रत्येक तरुणानें घरांतील आजी-आजोबांजवळ बसावें आणि आपल्या वाडीची एक तरी हकीकत त्यांच्याच आवाजांत मुद्रित करून ठेवावी. उद्यां आपल्या वाटेनें कोणी चालूं लागला, तर त्याच्या कानीं तो आवाज पडो.

प्रभु आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.