देवभीरू ईयोब

कोणाला नुसते ‘भीरू’ म्हटले तर ती निंदा होते; ‘पापभीरू’ म्हटले की तीच प्रशंसा होते. भय हे जर वैगुण्य, तर ते एका शब्दाच्या संगतीने सद्गुण कसे ठरावे? बायबलच्या जुन्या करारातील नीतिसूत्रे, ईयोब आणि उपदेशक या तीन ज्ञानग्रंथांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. ज्ञानाचा उगम ईश्वराच्या भयात आहे, अशी नीतिसूत्रांची भूमिका आहे.

आधुनिक मनाला ती खटकते. निसर्गापुढे हतबल झालेला माणूस बालपणीच्या पित्यालाच आकाशात नेऊन बसवतो. धाकही त्याचा आणि आधारही त्याचाच, असे फ्रॉइडने १९२७ साली प्रतिपादन केले. परंतु याच जातीची शंका हिब्रू ग्रंथकाराने कितीतरी शतके आधी घेतली होती, आणि तीही सैतानाच्या मुखाने. ईयोब देवाला भितो तो काय फुकट? ७,००० मेंढरे आणि ३,००० उंट पदरी असताना कोण भिणार नाही?

मग ईयोबाचे धन जाते, मुले जातात, शरीर व्रणांनी भरते. सांत्वनाला आलेले तीन मित्र सात दिवस मुकाट्याने बसतात. पुढे मात्र तोंड उघडून, शिक्षा झाली त्याअर्थी पाप घडलेच असले पाहिजे, असा हिशेब मांडतात. त्यांचे भय व्यापारी आहे. ईयोब हा हिशेब नाकारतो आणि थेट देवालाच जाब विचारतो.

वावटळीतून देव बोलतो, पण खुलासा करीत नाही. तो तारे दाखवतो, रानगाढव दाखवतो, निर्जन अरण्यावर पडणारा पाऊस दाखवतो. मानवाच्या लाभहानीशी ज्याचा संबंध नाही, असे अफाट विश्व पाहून ईयोब नमतो. पवित्राच्या अनुभवात कंप आणि ओढ एकत्र असतात, असे रुडॉल्फ ऑटोने १९१७ साली दाखविले. केल्टनर व हाइट या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली विस्मयभावाची दोन लक्षणे सांगितली: विशालतेची जाणीव, आणि त्या जाणिवेपुढे जुन्या समजुतींची घडी बदलण्याची निकड. ईयोबाचीही ‘पुण्य करावे, फळ घ्यावे’ ही घडी मोडली.

हिब्रूतील ‘यिरा’ या शब्दात भीती आणि आदर दोन्ही नांदतात. ज्ञानाचे ऐकणारा अरिष्टाच्या धास्तीतून सुटतो, असेही नीतिसूत्रेच सांगतात. म्हणजे हे भय इतर भयांचा निरास करणारे आहे. साहेबाची पाठ वळताच ज्याचा हात सैल पडतो, त्याचे भय निराळे.

शेवटी ईयोबाला सारे दुप्पट मिळते, तेव्हा वाचकाच्या मनात सैतानाची शंका पुन्हा डोकावते. पण एक गोष्ट विसरू नये: तो नमला तेव्हा राखेत बसला होता, आणि पुढे काही मिळणार आहे, हे त्याला ठाऊक नव्हते.