काटकसर पैशाची, वेळेची नव्हे



कामगार संघटनेचा कार्यकर्ता व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे तो बोनस, महागाईभत्ता किंवा संप यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आम्ही आज चार-पाच वर्षांच्या मुलांच्या खेळाविषयी बोलणार आहोत. पण आम्ही आमचा विषय सोडला, असे कृपा करून समजू नये. पगाराचा हिशेब अखेर घरातच होतो, आणि त्या हिशेबात पहिली कात्री लागते ती मुलाच्या खेळण्याला.

आम्ही काही बालमानसशास्त्राचे पंडित नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढे जे वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून आणि सार्वजनिक वाचनालयातून. पण तीस वर्षे कामगारांच्या घरी जाणे-येणे आहे. तेथे जे पाहिले, त्याच्या बळावर चार शब्द सांगतो.

काटकसर आणि कंजुषी यांत पुष्कळ लोक गल्लत करतात. काटकसरी माणूस खर्च करण्याआधी विचार करतो. कंजूष माणूस खर्चाच्या भीतीने विचारच करीत नाही. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणारी आजी कंजूष नव्हती. फाटक्या कापडाचा उपयोग तिला दिसत होता. मुलाच्या बाबतीत हीच नजर ठेवली, तर दोन खणांच्या घरातही केवढे साहित्य सापडते!

भेंडी चिरताना देठाकडचा तुकडा राखून ठेवा. तो रंगात बुडवून रद्दी कागदावर दाबला की पाच पाकळ्यांचे फूल उमटते. हळदीच्या पाण्याने कागद रंगवून वाळवा आणि त्यावर साबणाच्या पाण्याने बोट फिरवू द्या. तांबडी रेघ उठते. तिच्यावर लिंबाचा थेंब टाकला की ती पुन्हा पिवळी होते. मूल विचारते, "असे का झाले?" हा प्रश्न विकत आणलेल्या मोटारीने क्वचितच सुचतो. रद्दी भिजवून, कुटून, त्यात थोडे मेथीचे पीठ कालवून आपल्या आज्या टोपल्या लिंपीत असत. त्या लगद्याची चिमणी मुलालाही करता येते. चिंचोके मोजावेत, लहानमोठे निवडावेत. मात्र तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती ते देऊ नयेत, कारण ती वस्तू नाकात किंवा घशात जाते. आणि दिवाळीतला किल्ला तर आपल्या घरचाच आहे. दगड, माती, जुने गोणपाट आणि वर पेरलेले मूठभर अळीव, एवढ्या सामग्रीवर आळीतली मुले आठ दिवस रमतात. तळे कोठे खणायचे यावर भांडतात आणि आपसांत तोडगाही काढतात. वाटाघाटींचे पहिले शिक्षण आम्हाला तेथेच मिळाले, असे म्हटले तरी चालेल.

हे काही आमच्या डोक्यातून निघालेले नाही. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासह 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. मॉन्टेसोरी पद्धतीची साधने महाग. ती खेड्यातल्या, आदिवासी पाड्यावरच्या मुलाला कोठून मिळणार? म्हणून 1945 पासून बोर्डीस आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई व अनुताई वाघ यांनी पाने, बिया, शिंपले आणि खडे यांनाच शिक्षणाची साधने केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा अंगणात गेली. अंगणवाडी ही कल्पना तेथे रुजली. पुढे अरविंद गुप्ता या अभियंत्याने सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगकाड्या जोडून भूमितीच्या आकृत्या केल्या आणि टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी मुलांच्या हाती दिली. थोर माणसांनी ज्यात आयुष्य घातले, तो काही रिकामा उद्योग नव्हे.

येथवर कोणाचे दुमत होणार नाही. पण येथेच थांबलो, तर आमच्या हातून आमच्याच लोकांवर अन्याय होईल. कारण काटकसरीची स्तुती करता करता माणूस गरिबीची स्तुती केव्हा करू लागतो, हे त्याचे त्यालाच कळत नाही.

18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. आमचे वडील त्यांत होते. आम्ही तेव्हा शाळकरी वयाचे. एरवी वडील पाळीवर असत किंवा पाळीहून येऊन झोपलेले असत. संपात ते दिवसा घरी दिसू लागले. त्यांनी धाकट्या बहिणीसाठी रिकाम्या काडेपेट्यांची आगगाडी केली. चाकांना सोड्याच्या बाटल्यांची बुचे, इंजिनाला सुताचे रिकामे बॉबिन. आम्हा भावंडांना त्या दिवसांत वडील नव्याने भेटले. पण त्याच महिन्यांत आईची तांब्यापितळेची भांडी एकेक करून मोडीत गेली. आगगाडीने पोट भरले नाही. म्हणून गरिबीचे गोडवे आम्ही गाणार नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरे. पण अंथरूण आखूड का, हेही विचारले पाहिजे. कामगाराची बायको हुशारीने घर चालविते, हे पगार न वाढविण्याचे कारण होऊ शकत नाही.

त्या आगगाडीला पैसा लागला नाही, पण वडिलांचा वेळ लागला. आमचे आजचे सांगणे एवढेच आहे. मुलाच्या खेळाला पैसा थोडा लागतो. वेळ आणि थोडी जागा मात्र लागतेच. काटकसर पैशाची करता येते, वेळेची केली तर मूल एकटे पडते.

आज घरोघर रडणाऱ्या मुलाच्या हाती मोबाईल दिला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितले की, एक वर्षाच्या आतल्या मुलास पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसाकाठी एका तासाहून अधिक नको, कमी तर अधिक बरे. सल्ला योग्य आहे. पण दोन तास गाडीत उभे राहून घरी पोहोचलेल्या आईबापांना केवळ बोल लावून काय साधणार? आणि 'मुलांसाठी घरी उपक्रम करा' असे म्हणताना ते काम पुन्हा आईच्याच माथी पडत नाही ना, हेही पाहिले पाहिजे. भेंडीचे ठसे करायला बापालाही दोन हात आहेत.

सप्टेंबर 2025 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील रोजच्या कामाची मर्यादा 9 तासांवरून 12 तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. जादा तासांचे पैसे मिळतील. त्या पैशांतून खेळणेही येईल. पण बाप घरी येईल तेव्हा मूल झोपलेले असेल. कामाच्या तासांची चर्चा उत्पादनाच्या आकड्यांवर चालते. त्या आकड्यांशेजारी हे झोपलेले मूलही मांडावे, अशी आमची विनंती आहे.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली गिरणी कामगारांची सभा घेऊन आठवड्याची सुटी मागितली. ती मिळायला सहा वर्षे लागली. 10 जून 1890 रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आज आपण तो वार सहज उपभोगतो. उद्या रविवार आहे. त्यातला एक तास मुलाला द्या. रद्दी, हळद आणि भेंडीचे देठ एवढे पुरे. आणि ज्यांच्या वाट्याला अजून रविवारही येत नाही, अशी घरकाम करणारी बाई, पहारेकरी, सामान पोहोचविणारा मुलगा, यांच्या घरीही मुले आहेत. त्यांच्या सुटीची मागणी पुढे आली, तर तिला आपला पाठिंबा असू द्या.