कंत्राटाकडून कायम नोकरीकडे



अमेरिकेतील बड्या संगणक कंपन्यांत आपली अनेक मुले-मुली कंत्राटी म्हणून काम करीत आहेत. काम तेच, इमारतही तीच. परंतु पगार देणारी एजन्सी निराळी आणि गळ्यातील ओळखपत्राचा रंग निराळा. 'आज ना उद्या कायम करतील' या आशेवर वर्षे निघून जातात. ही आशा कितपत खरी, हे आपण तपासले पाहिजे.

मायक्रोसॉफ्टमध्ये वर्षानुवर्षे राबलेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांनी १९९२ साली दावा लावला. सवलतीच्या शेअर्सच्या योजनेतून त्यांना वगळण्यात आले होते. १९९६ साली अपील न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली आणि २००० साली ९ कोटी ७० लाख डॉलरांची तडजोड झाली. परंतु पुढे कंपनीने कंत्राटी कामाला मुदत घातली व त्यानंतर सक्तीचा खंड ठेवला. तात्पर्य, केवळ सेवाकाळ वाढल्याने कायमपद मिळत नाही. रिकाम्या जागेसाठी रीतसर अर्ज करावा लागतो, मुलाखत द्यावी लागते. तत्पूर्वी एजन्सीच्या करारात थेट नोकरी स्वीकारण्यास काही बंधन आहे काय, हे वाचावे.

एच-१बी व्हिसाधारकांनी नव्या कंपनीचा अर्ज सरकारदरबारी दाखल होईपर्यंत जुनी नोकरी सोडू नये. ग्रीन कार्डाची प्रक्रिया बहुधा नव्याने करावी लागते; मात्र जुना आय-१४० अर्ज मंजूर झालेला असल्यास रांगेतील जुनी तारीख सामान्यतः टिकते.

आम्हां डॉक्टरांना या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. तासावर पगार घेणारा रुग्ण तपासणी पुढे ढकलतो, कारण गैरहजेरीचा तास म्हणजे बुडालेली कमाई. मधुमेह आणि रक्तदाब मात्र कायमपदाची वाट पाहत नाहीत. नोकरी बदलताना जुना विमा संपतो आणि नवा सुरू होण्यास ९० दिवसांपर्यंत अवधी लागू शकतो. घरात कुणी गरोदर असेल वा कुणाचे इन्सुलिन चालू असेल, तर हा अवधी धोक्याचा ठरतो. 'कोब्रा' कायद्यान्वये, वीस वा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेतील जुना विमा सहसा १८ महिने स्वखर्चाने चालू ठेवता येतो. तो पर्याय ६० दिवसांच्या आत निवडावा लागतो. हप्ता जड वाटेल, परंतु इस्पितळाचे बिल त्याहून जड असते.

ओळखपत्राच्या रंगावरून माणसाची योग्यता ठरत नाही. आपल्यापैकी जे कायम झाले आहेत, त्यांनी मागून येणाऱ्यांना अर्ज कसा लिहावा, मुलाखतीची तयारी कशी करावी हे शिकवावे आणि योग्य उमेदवाराची शिफारस करावी, एवढीच आमची विनंती आहे.