स्वागताध्यक्षांचे भाषण

सन्माननीय अध्यक्ष, बाहेरगावचे बालरोगतज्ज्ञ, परिचारिका भगिनी आणि मिरजकर मंडळी,

मिरजेत आपले मनःपूर्वक स्वागत. डॉ. वॉनलेस यांनी इथे १८९४ साली रुग्णालय काढले, १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. डॉक्टरांची आम्हाला सवय आहे, पाहुणा दिसला की रिक्षावालाच विचारतो, "कोणता दवाखाना?"

या कौतुकात आमचे फरीदसाहेब मात्र मागे पडतात. शिकलगार माणूस. घरात हत्यारांचे काम. त्याची मागणी ओसरली, तसे त्यांचे हात सतारीकडे वळले. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, कारागिरी मिरजेची! गायक अब्दुल करीम खाँसाहेब जिथे चिरविश्रांती घेत आहेत, तो मीरासाहेबांचा दर्गा आणि सतारमेकर गल्ली पाहिल्याशिवाय कोणी परत जाऊ नये. २०२४ साली आमच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. फरीदसाहेबांच्या नावाचा एक चौक मागायला आम्ही अजून थकलेलो नाही.

परिषदेचा विषय, नवजात बाळांचा वाढलेला रक्तदाब, मी सचिवांकडून दोनदा समजून घेतला. गरोदरपणी आईने अमली पदार्थ घेतले, तर त्याचे भोग बाळाला. कोकेनने रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. बेंबीतून घातलेल्या नळीभोवती गुठळी होऊन मूत्रपिंडाकडचा रक्तपुरवठा अडला, तरीही तो चढतो. गुठळीवर हेपॅरिन द्यावे, तर मेंदूत रक्तस्राव होण्याची धास्ती. शिवाय एनॉक्सापॅरिन एवढ्याशा जिवाला वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त लागते म्हणे! तार किती ओढावी, हे आमच्या कारागिराला कानाने कळते. आपल्याला ते एवढ्याशा दंडावर पट्टा बांधून ओळखावे लागते. सतारीचा संबंध एवढाच, पण तो सांगितल्यावाचून मला राहवेना.

आता क्षमायाचना. निवासाच्या खोल्या तीन ठिकाणी विभागल्या आहेत. गाडी वेळेवर न आल्यास स्वयंसेवकांवर रागावू नका, माझ्यावर रागवा. जनरेटरचा आवाज मोठा आहे. तो बंद पडला तर मात्र माझा आवाज वाढेल. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी पाठवणाऱ्या या गावात काल सभागृहाच्या टाकीसाठी टँकर मागवावा लागला, याची लाज वाटते.

मंडप, भोजन, पिशव्या, फुले यांचा भार उचलणारे व्यापारी, औषधविक्रेते, धान्य देणारे शेतकरी आणि नाव न छापण्याच्या अटीवर मोठी रक्कम देणाऱ्या एक वृद्ध बाई, सर्वांचे आभार. कोणाचे राहिले असल्यास त्यांनी चहाच्या वेळी मला गाठावे.

भोजनाची कुपने नोंदणीच्या टेबलावर आहेत. तिखट न चालणाऱ्यांची पंगत डावीकडे. उद्घाटकांनी आता दीपप्रज्वलन करावे, अशी विनंती करतो.